मालतीची पित्ताची गोळी

मंडळी, गिरगावातल्या इस्पितळाच्या बाकावरून लिहितोय. सकाळी चहा घेताना माझ्या बायकोची, मालतीची, बोटं वळली, पायांत पेटके आले, छाती धडधडू लागली. रक्तात मॅग्नेशियम फारच कमी निघालं.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, पित्ताची गोळी कधीपासून घेताय?"

"नातू झाल्यापासून. उपवासाची खिचडी सोसत नाही हो."

"नातू केवढा?"

"कॉलेजात आहे."

रोजच्या त्या गोळीनेच मॅग्नेशियम घटलं, म्हणाले. सलाईन चालू आहे, पण ठोके अजून चुकताहेत.

आम्ही फणसवाडीतल्या एकाच शाळेतले. कवितेची ओळ मी म्हटली की पुढची ती म्हणते. मघाशी म्हटली, तर नुसती बघत राहिली.

तुमच्या घरी ती गोळी रोज कोण घेतं? आजच डॉक्टरांना विचाराल ना? मी आत जातो, तीच ओळ पुन्हा म्हणून बघतो.