मांजरपाट आणि अस्तर

जगात वाया जाण्यासारखी एकही वस्तू नाही, यावर माझ्या साडूंइतकी अढळ श्रद्धा असलेला माणूस मी अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात पाहिलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वडनेर भोलजीला त्यांचं टिनाच्या छपराचं शिलाईचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागेच दोन खोल्यांचं घर. गिऱ्हाइकाच्या कापडातून बोटभर तुकडा उरला तरी ते घडी घालून परत देतात, आणि गिऱ्हाइकाने तो नेला नाही तर त्यातून काहीतरी शिवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. खामगावचं आमचं घर अशा शिलाईने भरून गेलेलं आहे. आमच्या मिक्सरला कुणा पोलीस पाटलाच्या सफारीचा अंगरखा आहे. गॅसच्या सिलिंडरला घेरदार परकर आहे. टीव्हीला तर पाच निरनिराळ्या ब्लाऊजच्या तुकड्यांचं झालर लावलेलं झाकण आहे. "घरात तुम्ही तेवढे उघडे राह्यले," असं बायको मला म्हणते. साडूभाऊंना माप घ्यायला टेप लागत नाही. मी बसमधून उतरून दुकानाकडे चालू लागलो की ते मशीनवरूनच मला वरपासून खालपर्यंत बघतात. एकदा चहा हातात देता देता म्हणाले, "भाऊ, पोट पाऊण इंच वाढलं तुमचं. पायजमा मी सैल शिवून देतो, त्याचं काही नाही. पण डॉक्टरले एकदा दाखवून घ्या."

दुसरी गोष्ट, ते दिलेली तारीख पाळतात. शिंपी आणि तारीख यांचं नातं सगळ्यांना ठाऊक आहे. 'उद्या या' हे दोन शब्द म्हणता आले की अर्धी शिलाई आली असं समजतात. साडूभाऊंच्या दुकानात मात्र मंगळवारचा सदरा मंगळवारीच मिळायचा. ताप असो, वीज गेलेली असो, मशीनचा पट्टा तुटलेला असो. तीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते. आसपासच्या चार गावांतली लग्नं त्यांच्याच भरवशावर ठरत, असं ते स्वतः कधी म्हणाले नाहीत, पण दुसरं कुणी म्हटलं तर अडवतही नसत. पाच वर्षांपूर्वी माझ्या बायकोची ताई गेली. मुलगी लग्न होऊन नाशिकला. माणूस एकटा पडला आणि त्याने आणखी जास्त कामं घ्यायला सुरुवात केली. तयार कपड्यांच्या दुकानांमुळे गिऱ्हाइकं आधीच कमी झाली होती, तेव्हा मिळकत काही वाढली नाही. मशीनचा आवाज तेवढा वाढला.

अशा दिवसांत, एका उन्हाळ्यात, एका मांजरीने त्यांच्या कतरणीच्या पोत्यात पिलं घातली आणि चौथ्या दिवशी ती हमरस्त्यावर ट्रकखाली गेली. तीन पिलं होती. एक दुसऱ्या दिवशी गेलं. राहिलेल्या दोघांविषयी साडूभाऊंनी मला फोन केला, तेव्हा ते आधी बराच वेळ दुष्काळाविषयी बोलले आणि मग हळूच म्हणाले, "घरी दोन जण आले आहेत." मला वाटलं, नाशिकहून मुलगी-जावई. "नाही जी. लहान आहेत. डोळे नाही उघडले अजून." मी म्हटलं, म्हणजे मांजरं पाळली तुम्ही. "म्या नाही पाळले," ते म्हणाले, "ते राहून राह्यले."

मग आठ-दहा दिवसांनी आम्ही नवरा-बायको बघायला गेलो, तेव्हा त्यांच्या घरातली कुठलीच वस्तू स्वतःच्या मूळ कामावर राहिलेली नव्हती. डोळ्यांत औषध टाकायची रिकामी बाटली त्यांनी कधीपासून जपून ठेवली होती. तिला उकळून तिच्यातून शेजारच्या शेळीचं कोमट दूध थेंब थेंब पिलांच्या तोंडात जात होतं. जाड कापडाची थैली शिवून तिच्यात भाजलेली वाळू भरली होती, ती पिलांच्या पाठीशी ठेवायची, म्हणजे आई जवळ आहे असं त्यांना वाटावं. तेलाचा पत्र्याचा डबा आडवा कापून त्यात सुताराकडचा भुसा भरला होता, ते पिलांचं परसाकडं. पत्र्याची धार लागू नये म्हणून डब्याच्या कडेला चारी बाजूंनी लाल कापडाचा गोट लावला होता, आणि तो इतका सरळ होता की माझी बायको त्याच्यावरून दोनदा बोट फिरवून आली. नावंही कापडावरूनच ठेवलेली. पांढुरका बोका, जरा खरखरीत केसांचा, तो मांजरपाट. "त्याच्या नावातच मांजर आहे, मले काही करावं नाही लागलं," साडूभाऊ म्हणाले. दुसरी करडी, मऊ, सारखी त्यांच्या सदऱ्याच्या आत शिरून बसणारी, ती अस्तर.

दुधाचे दिवस संपले आणि खरी अडचण उभी राहिली. साडूभाऊंच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात कांदासुद्धा एकादशीला शिजत नाही. त्यांनी पिलांना वरण-भात घालून पाहिला, भाकरी दुधात कुस्करून पाहिली. पिलं वाढेनात. गुरांच्या दवाखान्यात बैलांच्या आणि म्हशींच्या रांगेत ते सदऱ्याच्या दोन खिशांत दोन पिलं घेऊन उभे राहिले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पिलं हातावर घेऊन पाहिली आणि म्हणाले, "काका, सकाळपासून पहिल्यांदा शिंगं नसलेला पेशंट आला. लस देतो, जंताचं औषध देतो. पण यायले मांसच लागते. वरण-भातावर मांजर जगत नाही." साडूभाऊ पिलं पुन्हा खिशांत घालून घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोंबडीच्या दुकानात गेले. गेले म्हणजे दुकानाकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि पिशवी मागच्या मागे पुढे केली. दुकानदार त्यांचा जुना गिऱ्हाईक. तो म्हणाला, "मास्टर, तुम्ही? माळ काढली काय?" साडूभाऊ रस्त्याकडे बघतच म्हणाले, "माळ म्या घातली. त्यायनं नाही घातली."

तेव्हापासून दोघांचा करार झाला. दुकानात उरलेल्या माना, पाय आणि काळजाचे तुकडे रोज साडूभाऊंच्या पिशवीत पडायचे आणि त्या बदल्यात त्या दुकानदाराला कामाचे एप्रन, मुलांच्या चड्ड्या, गल्ल्यावरचा पडदा असं काही ना काही मिळत राहायचं. मागच्या अंगणात तीन विटांची वेगळी चूल मांडली गेली. नाकाला सुती कापड बांधून, तोंड बाजूला वळवून साडूभाऊ लांब दांड्याच्या पळीने ते भांडं ढवळायचे आणि मग आंघोळ करून पुन्हा माळेला हात लावायचे. माझी बायको म्हणाली, "भाऊजी, इतका त्रास कायले घेता?" तर म्हणाले, "ते उपाशी असले की मले जेवण गोड नाही लागत. म्हणजे हे माझ्याच जेवणाचं काम झालं ना."

पण शिंप्याच्या घरात मांजर म्हणजे विस्तवाशी खेळ. दोरा दिसला की मांजर झडप घालते, आणि त्या घरात दोऱ्याशिवाय होतं काय? साडूभाऊंनी जुन्या रेडिओतलं लोहचुंबक सुतळीला बांधलं आणि दर दोन तासांनी ते ओढत दुकानभर फिरायचं ठरवून टाकलं. टाचण्या आणि सुया त्याला चिकटून यायच्या, मग त्या मोजून डबीत. गिऱ्हाइकाने येताना खिशात सुई आणली आहे का, हेही ते विचारू लागले. लोक हसायचे. नवऱ्या मुलाचं माप घेता घेता मध्येच "थांबा जी" म्हणून ते गुडघ्यावर बसत आणि खाटेखालचा हातभर दोरा ओढून काढत.

तरीही एकदा ते घडलंच. लग्नसराई होती. गावातल्याच एका घरचं लग्न दुसऱ्या दिवशी, नवरीचे पाच ब्लाऊज संध्याकाळी द्यायचे होते. तीन झाले होते, दोन बाकी. मी त्या दिवशी बायकोच्या कामासाठी तिथे गेलो होतो. दुपारी अस्तर कोपऱ्यात बसून पंजाने तोंड खरवडू लागली, तोंडातून लाळ गळत होती. साडूभाऊंनी तिचा जबडा उघडला. जिभेखालून गुलाबी दोरा घशात गेला होता. त्यांनी मशीनवर पाहिलं, डबीतल्या सुया मोजल्या आणि म्हणाले, "एक नाही." ते दोरा ओढणार होते, पण हात थांबला, त्यांनी त्या तरुण डॉक्टरांना फोन लावला. "ओढू नका," डॉक्टर म्हणाले, "आतडं फाटेल. अकोल्याले मोठ्या दवाखान्यात न्या, आताच्या आता."

साडूभाऊंनी तीन ब्लाऊज, उरलेल्या दोन ब्लाऊजचं कापड आणि मापाचे कागद एका पिशवीत घातले आणि आम्ही नवरीच्या घरी गेलो. दारात मांडव पडत होता. नवरीची आई पुढे आली. साडूभाऊ म्हणाले, "हे तीन झाले. दोन माझ्याच्यानं नाही होणार. नांदुऱ्याले एक जण आहे, त्याच्याकडं आता गेले तर तो सकाळपर्यंत करून देईन. मी त्याले सांगितलं आहे."

"काऊन? काय झालं?"

"मांजर बिमार आहे."

त्या बाईंना आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "मांजरीपायी माझ्या पोरीचे ब्लाऊज ठेवून राह्यले तुम्ही?"

"हाव," साडूभाऊ म्हणाले. "मांजरीपायी."

आम्ही हमरस्त्यावर येऊन बस धरली. अस्तर त्यांच्या मांडीवरच्या कापडी पिशवीत होती. कंडक्टर आला आणि त्याने विचारलं, "पिशवीत काय आहे काका?" साडूभाऊ आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. ते म्हणाले, "अस्तर." कंडक्टरने तिकिटं फाडली. तेवढ्यात पिशवीतून बारीक आवाज आला. कंडक्टर वळला. "अस्तर ओरडते काय जी?" "दुखून राह्यलं तिले," साडूभाऊ म्हणाले. कंडक्टरने पिशवीत वाकून पाहिलं आणि मग आम्हाला पुढच्या, कमी धक्के बसणाऱ्या सीटवर नेऊन बसवलं.

अकोल्याला फोटो काढला तेव्हा सुई पोटात स्वच्छ दिसली. डॉक्टरांनी अस्तरला आत नेलं आणि आम्ही बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसलो. आजूबाजूला शेळ्या, एक लंगडं वासरू, त्यांची माणसं. साडूभाऊंचे हात रिकामे होते, आणि त्यांचे रिकामे हात मी कधी पाहिलेच नव्हते. ते बोटांनी धोतराच्या काठाची शिवण चाचपत राहिले. मग म्हणाले, "तिच्या पोटात दुखत होतं ना, तवाही लग्नाचीच ऑर्डर होती." मला समजायला क्षण लागला. ताईविषयी बोलत होते. "म्या म्हटलं, एवढी होऊ दे, आठ दिवसांनी जाऊ. तीच म्हणे, हाव, तारीख नका चुकवू. तिनंच बसून काजं केली, बटनं लावली. आठ दिवसांनी गेलो तर डॉक्टर म्हणे, आठ दिवसाआधी काऊन नाही आणलं." समोरच्या वासराचा मालक त्याला पाणी पाजत होता, ते आम्ही दोघं पाहत बसलो.

सुई निघाली. दोन दिवसांनी अस्तर घरी आली. टाके चाटू नयेत म्हणून डॉक्टरांनी प्लास्टिकची कॉलर विकत घ्यायला सांगितली होती, तेव्हा साडूभाऊंना पहिल्यांदा राग आला. "टेलरच्या घरी विकतची कॉलर?" त्यांनी मांजरीचा अंगरखाच शिवायला घेतला, चार पायांना चार भोकं, पाठीवर बंद. पण दुकानातलं कुठलंच कापड त्यांना पसंत पडेना. हे टोचेल, ते गरम होईल. शेवटी ते आतल्या खोलीत गेले आणि कपाटातून ताईची एक जुनी सुती साडी घेऊन आले. धुऊन धुऊन सायीसारखी झालेली, फिकट निळी. जगातली कुठलीच वस्तू वाया न घालवणाऱ्या या माणसाने ताईच्या एकाही साडीला तीन वर्षांत कात्री लावलेली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. माझी बायको तिथेच होती. साडूभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "कापा भाऊजी." त्यांनी पदराकडून वीतभर मोजून घेतलं. हातानेच.

नवरीची आई पुढे त्या दुकानाची पायरी चढली नाही, आणि तिच्यामुळे आणखी चार घरंही तुटली. दीडेक वर्षाने ती नवरी मात्र स्वतः आली, कडेवर बाळ घेऊन, झबली शिवून घ्यायला. कपाटावर झोपलेल्या अस्तरकडे तिने बराच वेळ पाहिलं. "हेच ते काय, माझे ब्लाऊज ठेवणारं?" साडूभाऊ मान खाली घालून हाव म्हणाले. "नांदुऱ्यावाल्यानं बाह्या तंग केल्या होत्या काका," ती म्हणाली, "पूर्ण लग्नात हात वर नाही झाला माझा," आणि बाळाला मांजर दाखवायला पुढे झाली.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नातवाचं बारसं होतं. साडूभाऊ सकाळीच आले, पाळण्याला त्यांनीच शिवलेली झालर लावली, पंगतीत वाढलं. ताई गेल्यावर ते आमच्याकडे आले की शेवटच्या गाडीपर्यंत बसून राहायचे. उठायचेच नाहीत. कुलूप उघडून त्या घरात शिरायचं त्यांच्या जिवावर येतं, हे आम्हाला कळायचं, आणि आम्ही उगीच पुन्हा पुन्हा चहा करायचो. त्या दिवशी मात्र दुपारचे तीन वाजले तेव्हा ते पिशवी घेऊन दारात उभे. बायको म्हणाली, "भाऊजी, इतक्या लवकर? चहा ठेवते ना." "नको," ते म्हणाले, "दोघं वाट पाहून राह्यले असतीन."

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागलेलीच होती. खिडकीची जागा मिळाली तशी त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि मान पुढे काढून ड्रायव्हर आला का ते पाहू लागले. गाडी हलली. मी हात केला. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं; ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते. मी घरी आलो तर बायकोने गॅसवर चहाचं आधण ठेवलेलंच होतं, तीन कपांचं. तिने ते उतरवलं नाही. आम्ही दोघांनीच तो चहा प्यायला.