कांद्याची लागण आणि माझी शेळी

माझी थोरली जाऊ आणि मी एकमेकींशी बोलत नाही. भांडण कशावरून झालं ते विचारू नका. सांगायला बसले तर कांदा पिकेल आणि सडेलही. पण विहिरीजवळचं वावर सामाईक. एक वर्ष लागण तिनं करायची, एक वर्ष मी, आणि माल निम्मा-निम्मा. तेव्हा बोलावं तर लागतंच. ती तिच्या कुत्र्याशी बोलते, मी माझ्या शेळीशी. आवाज मात्र बांधापलीकडे जाईल असा काढायचा.

गेल्या हिवाळ्यात पाळी तिची होती. घाटघरकडच्या बायांची टोळी वाफ्यात बसली होती आणि ही बांधावरून रोपं खोल दाबायला सांगत होती. आदल्या साली तिनं आपल्या परसात टोमॅटोची रोपं गळ्यापर्यंत पुरली आणि ती झकास आली, कारण टोमॅटोच्या पुरलेल्या खोडालाही मुळ्या फुटतात. तीच विद्या आता कांद्याला. कांदा असा गाडला की नुसती मान लांबते, खाली गड्डा धरत नाही. सगळा तिचा असता तर मी शेजारणींना चहा पाजला असता. पण निम्मा माझा होता.

सरळ सांगून उपयोग नव्हता. मी उजाडलं म्हटलं तर ती दिवा लावते. म्हणून मी शेळीला बांधावर आणलं, तिच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाले, "बघ गं, अजून खोल पायजे. वरवर लावणाऱ्यांचं कधी भलं झालंय का?"

जावेनं लगेच हुकूम फिरवला. बाया शिव्या घालत रोपं उपटून वर घेऊ लागल्या. मी घरी गेले ती जवळजवळ नाचतच.

पण मला खिजवायच्या नादात तिनं रोपं इतकी वर घेतली, की मुळं मातीला नुसती टेकली. टोळी दुसऱ्याच्या रानात गेली, हिनं पाणी सोडलं आणि वाफेच्या वाफे आडवे झाले. दोघी चिखलात उतरलो. ती विहिरीकडून, मी बांधाकडून. रोपं उभी करत मध्यावर आलो, तशी ती थांबली. कुत्रं घरी होतं. तिनं माझ्या शेळीकडं पाहिलं.

"शेळे, खरं सांग. किती खोल?"

मीही शेळीकडंच बघत म्हटलं, "बोटाचं एक पेर. मुळं झाकली की बास."

"तुझ्या मालकिणीनं आधी लावून दाखवावं."

मी लावलं. तिनं माझ्या रोपाशेजारी बोट खुपसून पाहिलं, मगच स्वतःचं लावलं. पुढच्या ओळीही तशाच: आधी माझं रोप, मग तिचं बोट.

तेवढ्यात शेळी वाफ्यात शिरून रोपं खाऊ लागली. दोघींनी एकदमच तिला सणसणीत शिवी हासडली. शेळीला दिलेली शिवी आमच्यात कोणाला लागते, हे दोघींनाही ठाऊक होतं.

कांदा चांगला मुठीएवढा झाला. मंचरच्या बाजाराला निम्मा तिनं नेला, निम्मा मी. एकाच दिवशी, वेगवेगळ्या टेम्पोतून.