कुणाच्याही जोडीचा छकडा

शर्यतीचं वेड असलेली माणसं मला कधीच आवडली नाहीत. बैलाला रोज अंडी आणि दूध, बायकोला भाताबरोबर मिळेल ते कालवण, असा त्यांचा हिशेब. पण आमचं घर चालायचं ते याच येड्यांवर. माझा बाप शर्यतीचा छकडा, म्हणजे हलकी दोन चाकांची बैलगाडी, बनवायचा, आणि धसईच्या बाजूला छकडा म्हटलं की आमचंच अंगण असं नव्वद सालाच्या आसपास होतं. शहापूरपासून माणसं यायची.

गाडी मागायला येताना बैलांची जोडी बरोबर आणावी लागे. तशी बाची अटच होती. जोडीतले दोन बैल कधी सारखे नसतात, एक थोडा उंच, एकाचा खांदा भारी. बा दोघांच्या खांद्यावरून सुंभाची दोरी टाकायचा, गाठी मारायचा, पोटाखालून हात फिरवायचा, बैल चालवून बघायचा. मग त्या गाठींवरून लाकूड कापलं जाई. जू एका बाजूला जास्त कोरलेलं, दांडी किंचित वाकडी. पाहणाऱ्याला वाटावं सुताराचा हात चुकला. पण त्या जोडीच्या मानेवर ती गाडी अशी बसायची की बैलांना ओझं कळायचंच नाही, आणि दुसऱ्या कुठल्या जोडीला ती चालायचीही नाही. कुणी बैल विकला तर गाडी पडून राही. मालक कुरकुर करत, बा ऐकून घेई आणि नव्या जोडीसाठी नवी दोरी टाके.

माझं लग्न होऊन मी शहापूरला गेले, त्यानंतर काही वर्षांनी घाटावरून लोखंडी गाड्या यायला लागल्या. पाइपाच्या, पातळ रबरी चाकांच्या, बेअरिंगवर फिरणाऱ्या. मुरबाडच्या एका मैदानात तसली गाडी आमच्या दोन छकड्यांना मागे टाकून गेली. दादा, माझा थोरला भाऊ, तिथे होता. तो घरी आला तो न जेवता पडवीत बसला. मी तेव्हा माहेरी होते. मला वाटलं, हरल्याचं दुःख. पण त्याच्या डोक्यात नवी गाडी फिरत होती.

दादा मूर्ख नव्हता, हे मला आधी सांगायला हवं, कारण गावात पुढे सगळ्यांनी त्यालाच दोष दिला. त्याने घाटावरच्या गाडीची नक्कल केली नाही. बाच्या छकड्याची ठेवण, तो पुढे झुकलेला उतार, त्याने पाइपात आणला. आणि जू असं केलं की नट सैल करून ते वरखाली, डावीउजवीकडे सरकवता येईल. म्हणजे जोडी कुठलीही असो, गाडी एकच. घरी वेल्डिंगचं मशीन नव्हतं, म्हणून जोडकाम त्याने मुरबाडच्या रस्त्यावर एका वेल्डिंगच्या दुकानात करून घेतलं.

आमच्याकडे नवी गाडी आधी बनवणाऱ्याने चालवायची, देवळाला एक फेरा घालायचा आणि मगच मालकाच्या हातात कासरा द्यायचा. गाडी दादाची असली तरी मान बाचा होता. बा चढला, फेरा घालून आला, उतरला. खोटं बोलणं त्याला जमत नसे.

"पळतं चांगला," तो म्हणाला. मग जुवाचे नट बोटांनी चाचपत त्याने विचारलं, "पन हा कोनाच्या जोडीचा?"

"कोनाच्याबी," दादा म्हणाला. त्याला केवढा अभिमान वाटला होता ते सांगताना.

गाडी जिंकली. लागोपाठ जिंकली. दादाकडे रांग लागली आणि मला बरं वाटलं, उगाच कशाला नाही म्हणू. पावसाळ्यात घर गळत होतं ते शाकारून झालं, वहिनीच्या बोलण्यात जोर आला. बा तेवढा बाजूला पडला. तो रंधा घेऊन बसायचा आणि कुणी न सांगता पाट, लाटणी, पोळपाट करत राहायचा. माझ्याकडे अजून तीन पोळपाट पडले आहेत.

पण जी गाडी कुणाच्याही जोडीला चालते ती कुणालाही बनवता येते, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. वेल्डिंगवाल्याने दादाच्या चार गाड्या जोडल्या आणि पाचवी स्वतःची बनवली. त्याच्याकडे मशीन होतं, पाइप तिथेच पडलेले, दुकान रस्त्यावर. जोडी दाखवायला आणायची गरज नाही, मोटरसायकलवर या, गाडी टेम्पोत टाका, चला. दादा भांडायला गेला. त्याने दादाला चहा पाजला आणि हसत विचारलं, की घाटावरून ही गाडी तुमीपण उचललीत ना? दादा तसाच परत आला. एका वर्षात आमच्या अंगणात कुणी फिरकेना. लाकडी छकडा मागणारे आधीच संपले होते, ते आम्हीच संपवले होते. तेल गेलं, तूप गेलं, अशी गत. शेवटी दादा त्याच दुकानात कामाला लागला. मी त्याला वाटेल ते बोलले. तो म्हणाला, दुसरं काय येतं मला.

एका उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. दुपारी दारात टेम्पो थांबला, आत दोन बैल. शहापूरकडचा एक तरुण मालक, नवी जोडी विकत घेऊन निघालेला, पाणी मागत उतरला. बैल तापले होते, म्हणून खाली उतरवून चिंचेखाली बांधले. बा पडवीतून उठला. कितीतरी दिवसांनी मी त्याला एवढं भरभर चालताना पाहिलं. खुंटीवरची दोरी घेऊन तो सरळ बैलांकडे गेला, दोघांच्या खांद्यावर टाकली, गाठ मारली. डावा बैल उंच आहे, तो म्हणाला, आणि उजवा खांदा चोरतो, ओझं डाव्यावर टाकतो. मालक हो हो करत राहिला. म्हाताऱ्याचा मान ठेवत असावा.

तेवढ्यात दादा जेवून बाहेर आला, दुकानावर निघालेला. मालकाने त्याला विचारलं, मुरबाड रोडला ते छकड्यांचं वेल्डिंगचं दुकान कुठे आहे.

बाचा हात बैलाच्या पाठीवर थांबला.

"बा, ऱ्हाऊ दे," दादा म्हणाला. "त्यांना दुकानात जायाचंय."

"जाऊ दे की. पन यांचा माप कोन घेल?"

"माप लागत नाय आता."

हे दादा दुष्टपणाने बोलला नाही. खाली बघत, हळू बोलला. मग बैल पुन्हा टेम्पोत चढवले, आणि रस्ता दाखवायला दादाच ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला, नाहीतरी त्याला तिथेच जायचं होतं. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, दादाचा, मालकाचा, त्या मुक्या बैलांचासुद्धा.

टेम्पो गेल्यावर बाने माझ्याकडे पाहिलं. "डावा उंच हाय," तो म्हणाला. "दुकानात सांगा म्हनून त्यांना सांगितला ना गो कोनी?"

सांगितलं, मी म्हणाले.