हाकेचा खडक

धक्क्याला लाँच लागली की उतारू आधी एका बाईच्या खिडकीपाशी यायचे. खिडकी म्हणजे पत्र्याच्या टपरीला पाडलेलं चौकोनी भोक. आत एक खुर्ची, भिंतीवर बेटाचा नकाशा आणि भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहिलेली फळी. बेटावर सगळे तिला माहितीबाई म्हणत.

सांगायचं ते तिला तोंडपाठ होतं. दीपगृह सकाळी बघा, दुपारी लोखंडी जिना तापतो. गुहेत बूट घालून जा, शेवाळावर चपला घसरतात. पाणी बरोबर न्या, पलीकडच्या किनाऱ्यावर प्यायला थेंब मिळत नाही. शेवटची लाँच कुणासाठी थांबत नाही, नव्या नवरा-नवरीसाठीसुद्धा नाही. इथे लोक हसायचे. मग ती मुद्द्याचं सांगायची. समोरचा काळा खडक दिसतो ना, ओहोटीला तिथवर वाळूची वाट उघडी पडते. खुशाल चालत जा, पण पाणी फिरायच्या आत परत या. तिथे भरती समोरून येत नाही, पाठीमागून येते.

लोक हो हो म्हणायचे आणि एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायचे.

तिचा नवरा होडीवाला होता. अंगाने दांडगा, बोलायला कंजूष. "तू दिवसभर लोकांशी बोलतेस, घरी माझ्या वाटणीचं काही उरतच नाही," असं म्हणून तो पानात डोकं घालायचा. एका दुपारी टपरीच्या मागे तो जेवायला बसला होता. तेवढ्यात तिला खिडकीतून दिसलं, की खडकावर एक जोडपं फोटो काढत उभं आहे आणि त्यांच्या मागची वाट पाण्याखाली गेली आहे. तिने नवऱ्याला हाक मारली. तो हात न धुताच उठला.

होडी त्याने खडकाला लावली, आधी बाईला चढवलं, मग तिच्या नवऱ्याला. होडी ढकलताना त्याचा स्वतःचा पाय कपारीत अडकला आणि वरून लाट आली. तिने हे सगळं धक्क्यावरून पाहिलं. जोडप्यासकट वाहत चाललेली होडी तिच्या दिराने लाँच नेऊन पकडली. भाऊ मात्र त्याला सापडला दुसऱ्या दिवशी, पाणी ओसरल्यावर. जोडपं संध्याकाळच्या लाँचने निघून गेलं. पुढे त्यांचा ना फोन, ना निरोप.

महिनाभराने ती पुन्हा खिडकीत बसली. घरी बसून काय करणार? घरात ती आणि सासू दोघीच, आणि दोघी एकमेकींची नजर चुकवत भिंतीकडे बघत बसायच्या. तेच दीपगृह, तीच गुहा. फक्त नवरा-नवरीचा विनोद तिने सोडून दिला.

पुढच्या हंगामात कॉलेजातल्या मुलींचा एक घोळका आला. त्यातल्या एकीने विचारलं, "तो हाकेचा खडक कुठून दिसतो हो?"

"कुठला?"

"तो नाही का, एक होडीवाला बुडाला तिथला. संध्याकाळी त्याची हाक ऐकू येते म्हणे. लाँचवाले काका सांगत होते."

तिने खडकाकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी दीर लाँच धूत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "भाऊजी, काय सांगता तुम्ही लोकांना?"

त्याने बादली खाली ठेवली. "वहिनी, ते… लोक विचारतात. पहिल्यांदा खरं तेच सांगितलं होतं. मग कुणी म्हणालं, आता कसला आवाज आला? मी म्हटलं, असेल त्याचाच. तिथून ते वाढतच गेलं."

"ते मुक्यानेच गेले. साधं ओरडायलाही सवड मिळाली नाही त्यांना. त्या दिवशी हाक मारली होती ती मी."

दिराने मान खाली घातली. एवढंच म्हणाला, "नाही सांगणार."

पण गोष्ट एकदा लाँचमधून उतरली की ती कुणाच्या हातात राहते? ती किराणावाल्याकडे गेली, खानावळीत गेली आणि फिरत फिरत सासूच्या कानावर आली. एका संध्याकाळी माहितीबाई घरी परतली तर दार उघडं आणि सासू गायब. शोधत गेली तेव्हा म्हातारी किनाऱ्यावर, वाळूत पाय पसरून बसलेली दिसली.

"आई, इथे काय करताय? गारठा पडलाय."

"सगळ्यांना ऐकू येतो म्हणे," सासू खडकावरची नजर न हलवता म्हणाली. "कालची आलेली माणसं ऐकून जातात. मला का गं येत नाही? मी तर आई."

"आई, ती बनवलेली गोष्ट आहे. भाऊजींनी उगाच तिखटमीठ लावलंय."

सासूने ऐकलं, उठली, घरी आली. मग पुष्कळ दिवस ती किनाऱ्याकडे फिरकली नाही. दीरही शब्दाला जागला. खडकाशी लाँच आली की तो सरळ सांगायचा, इथे माझा भाऊ गेला, भरतीचं भान ठेवा. उतारू चुकचुकायचे आणि उतरल्यावर त्याच वाळूच्या वाटेने चालू लागायचे.

असंच एक कुटुंब निघालं. नवरा, बायको आणि कडेवर लहान मूल. तिने फळीवरची वेळ दाखवली, पाणी फिरायला आलंय म्हणून सांगितलं. नवरा म्हणाला, "आम्ही पाच मिनिटांत येतो." ते वाळूवर उतरले. ती टपरीबाहेर येऊन हाका मारत राहिली. त्याने मागे न बघताच हात हलवला.

मग ती पळत त्यांच्यापर्यंत गेली. धाप लागली होती. "या वेळेला जाऊ नका," ती म्हणाली. "तिथे एक होडीवाला बुडालाय. पाणी फिरलं की तो हाक मारतो. ज्याला ऐकू आली, तो परत येत नाही."

बायको जागीच थांबली. तिने मुलाला छातीशी घट्ट धरलं आणि नवऱ्याला म्हणाली, "चला मागे. मला नाही बघायचा तो खडक." तो कुरकुरत वळला. ते धक्क्यावर पोचले तेव्हा मागची वाट पाण्याखाली गेली होती.

ती खुर्चीत बसली. आपल्या माणसाचं भूत तिने आपल्या तोंडाने उभं केलं होतं, आणि ते कामी आलं होतं. दुसऱ्या दिवशी ओहोटी संपत आली तशी तिने पुन्हा तेच सांगितलं, तिसऱ्या दिवशीही सांगितलं. पाण्याला न भिणारी माणसं मेलेल्याला भीत होती.

घरी सासूने विचारलं, "तू पण सांगतेस म्हणे?"

खोटं बोलवेना आणि खरं समजावताही येईना. ती गप्प राहिली. सासूला तेवढं पुरलं.

तेव्हापासून म्हातारी रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसते. सून खिडकी बंद करते, घरून शाल घेऊन येते, सासूच्या खांद्यावर टाकते आणि शेजारी बसते.

"आज वारा उलटा आहे," सासू म्हणते. "म्हणून येत नसेल."

"असेल," ती म्हणते.