गोडाच्या दिवशीची गोळी

जवाहरनगरला फॅक्टरीचे कामगार उतरले आणि नागपूरहून निघालेली आमची बस अर्धी रिकामी झाली. भंडाऱ्यात मामा डायलिसिसवर होते आणि मला त्यांना भेटायचं होतं. पिशवीत मधुमेहावरची पत्रकं होती. पत्रकं वाचतच मी वाढले, त्यामुळे छापलेल्या शब्दावर माझा जरा जास्तच भरवसा.

दवाखान्यात मामांच्या शेजारच्या दोन रुग्णांना किडनी कशाने गेली ते विचारलं. दोघांनी एकच शब्द सांगितला: शुगर. मामांचंही तेच.

बाहेर बाकावर मामी डबा घेऊन बसली होती. "मलेबी शुगर हाये," ती सहज म्हणाली. "गोड खाल्लं त्या दिवशी गोळी. बाकी दिवशी कायले खाची?"

"आणि भात?"

"भाताले गोड म्हणते का कोनी?"

मी तावातावाने बोलू लागले, तिच्या हातात पत्रक दिलं. तिने ते घडी करून डब्याखाली ठेवलं. तेवढ्यात मामा हातावरचा कापूस दाबत बाहेर आले. सगळं ऐकून खाली बसले.

"मीबी असाच हिशेब केला होता."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तू रोज घेत असशील, असं वाटलं मले."

 मामीचं रक्त आणि लघवी लगेच तपासायला दिली. रिपोर्ट दुपारी मिळणार होता, म्हणून रिक्षाने वैनगंगेच्या पुलापलीकडे कारध्याला गेलो. खाली एक ढिवर (मासे धरणारा) जाळं झटकत होता. टपरीवर मी सवयीने तीन गोड चहा सांगितले.

"तुयं पत्रक तूच वाच पोरी," मामा म्हणाले.

मामी हसली नाही. नदीकडे पाहत म्हणाली, "दोघंबी मशीनवर आलो, तं धानाकडे कोन पाहीन?"

दुपारी डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "लघवीतून प्रथिनं जात नाहीत. किडनी चांगली आहे. साखर मात्र वाढलेली आहे. गोळी रोज घ्यायची, भात कमी."

"म्हंजे मी वाचली?" मामीने विचारलं.

"रोज घेतली तर."

मामांनी डोळे पुसले आणि घाम पुसल्यासारखं दाखवलं.

संध्याकाळी त्यांच्या गावी, सिहोऱ्याला, मामीने लाखोळीची डाळ केली. ताटात गोड काही नव्हतं. तिने भाताची मूद अर्धी काढून ठेवली आणि आधी गोळी गिळली. मामा तिच्याकडे पाहतच राहिले.

दुसऱ्या दिवशी ती मला बसपर्यंत पोचवायला आली. नागपूरपर्यंत मी ओझं उतरल्यासारखी बसून होते, तरी राग गेला नव्हता. दवाखान्यात हातात गोळी देताना 'रोज' हा एक शब्द नीट समजावून सांगायला किती वेळ लागतो? मामीला मात्र माझ्या रागासाठी सवड नव्हती. बस हलली तेव्हा ती थांब्यावरच्या शेजारणीला विचारत होती, "काहो बाई, तुमी शुगरची गोळी कोनत्या दिवशी खाता?"