काकूंचा उजवा हात

त्या ऑफिसात त्यांना सगळे काकूच म्हणत, अगदी साहेबसुद्धा. बावीस वर्षं विम्याचे अर्ज कॉम्प्युटरवर चढवून काकूंची बोटं अशी तयार झाली होती, की नजर कागदावर आणि गप्पा शेजारणीशी. पण वर्षभरापासून उजवा हात खांद्याच्या वर जाईना. केस लेक विंचरून द्यायची.

"आई, सांग ना गं ऑफिसात."

"सांगते आणि घरी बसते!" काकू फटकन म्हणायच्या. नोकरीचा करार दर वर्षी नव्याने व्हायचा, आणि हात गेलेल्या बाईला कोण ठेवून घेणार?

अशात साहेबांना कुठून तरी सुबुद्धी झाली. रोज अकराला दहा मिनिटं व्यायाम! एक बाई येऊन शिकवू लागल्या. हनुवटी छातीला टेकवा, मान हळूच कलती करा, खांदे मागे फिरवा, मनगटं ताणा. इथवर काकूंनीही केलं असतं. त्यांच्याइतकी गरज होती कुणाला? पण शेवटी दोन्ही हात सरळ वर! तिथे सगळं पितळ उघडं पडलं असतं.

"तुम्ही करा गं, माझा एवढा गठ्ठा उरकू दे," म्हणत काकू खुर्चीला चिकटून राहिल्या. त्यावर कुणी त्यांच्या कामसूपणाचं कौतुक केलं की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेजारच्या मुलीची आखडलेली मान मात्र पंधरा दिवसांत सुटली. "काकू, काल कितीतरी महिन्यांनी कुशीवर झोपले!" काकूंना आनंद झाला, आणि खोटं कशाला बोला, हेवाही वाटला.

महिनाअखेरीस साहेब आले. "काकूंकडून शिका जरा. वयाने सगळ्यांत मोठ्या, एक दिवस व्यायाम केला नाही, तरी एक तक्रार नाही. म्हणजे हे नुसतं खूळ आहे. उद्यापासून बंद. काय काकू, बरोबर ना?"

नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण 'नाही' म्हटलं की 'का' आलं.

"बरोबर आहे, साहेब."

साहेब खूश होऊन गेले. शेजारची मुलगी जवळ सरकली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"काकू, तुम्हाला खरंच कुठे काही दुखत नाही?" तिने अगदी मनापासून विचारलं.

काकूंनी नकारार्थी मान हलवली. तेवढ्यानेही खांद्यातून कळ गेली.