रिकामा खिळा

आज दुपारी एक हात भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यापाशी थबकलेला पाहिला. दुकान अण्णाशेठचं, हार्डवेअरचं. या खिळ्याला त्यांच्या जीपची किल्ली असायची. कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की गावानं न विचारता ती काढून न्यायची. अण्णा मागून एवढंच म्हणत, "सावकाश ने रे."

अण्णा गेले, मागोमाग जीपही विकली गेली. आज दत्तूच्या बायकोला अवचित कळा सुरू झाल्या आणि तो सवयीनं इथंच धावत आला.

"आता कुणाकडे जाऊ?" तो कळवळून ओरडला.

अख्खं गाव एका खिळ्याला टांगून आम्ही इतकी वर्षं निर्धास्त होतो! बाहेर रस्त्याला ओळीनं गाड्या उभ्या होत्या. त्यांच्या किल्ल्या खिशात घेऊन आम्ही सगळे त्या खिळ्याकडे बघत होतो.